पंच्याऐंशीला येणारी थरथर

दादाची गाडी पंच्याऐंशीवर गेली की थरथरायची, आणि ती थरथरली की दादा माझ्यावर डाफरायचा. दोन्ही गोष्टी बडनेरा सुटल्यावर सुरू व्हायच्या आणि अकोला येईपर्यंत थांबायच्या नाहीत.

गाडी म्हणजे जुनी मोठी जीप. पुढे दादाच्या शेजारी मॅडम बसायच्या, मधल्या सीटवर तीन साहेब. चौघंही अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात होते आणि राहायला अमरावतीत. रोजचं जाणं-येणं त्यांनी दादाच्या गाडीला बांधून दिलं होतं. मी अकोल्याच्याच एका तंत्रनिकेतनात तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणून मागच्या आडव्या बाकावर गुडघे दुमडून फुकट जायचो. त्या फुकटाची आठवण दादा मला रोज करून द्यायचा.

"मांगं इंजिनिअर बसून हाय मॅडम," तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणायचा. "त्याले इचारा गाडी काहून हालते. आमच्या खानदानातला पयला इंजिनिअर. चार वर्सं शिकला. गाडी हालते इतलं मालूम हाय त्याले, काहून हालते ते पुढच्या वर्साच्या पुस्तकात हाय."

साहेब हसायचे. मॅडम हसायच्या नाहीत. त्या पर्स मांडीवर घट्ट धरून रस्त्याकडे बघत बसायच्या. पंच्याऐंशीला मागच्या खिडकीची काच बारीक आवाजात वाजू लागायची. दाताच्या डॉक्टरकडे मशीन सुरू झाल्यावर अंगात जसं होतं, तसं सगळ्या गाडीला व्हायचं.

एका गुरुवारी संध्याकाळी घरापाशी उतरताना मॅडम म्हणाल्या, "हे बघा, माझी पाठ धरली आहे. सोमवारीही गाडी अशीच असली तर आम्ही दुसरी गाडी लावतो. चौघांचं ठरलंय."

दादा "हो मॅडम" म्हणाला. दरवाजा लागला, गाडी वळली, आणि मग पूर्ण रस्ताभर तो मला बोलत राहिला.

त्याचा राग कुठून येत होता ते मला कळत होतं. बारा वर्षं त्याने हीच जीप परतवाडा ते धारणी चालवली होती. घाटातली वळणं, सेमाडोहच्या पुढचे खड्डे, आत माणसं, टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं. त्यात त्याची कंबर गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तो रस्ता सोडा, नाहीतर बसणं-उठणंही जाईल. सकाळी निघायच्या आधी वहिनी त्याच्या कमरेला पट्टा बांधून द्यायची. साहेब लोकांचं काम मिळालं तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले होते. हे काम सुटलं तर त्याला परत धारणीच्याच रस्त्याला लागावं लागणार होतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं, कारण दहावीनंतर त्याला दुसरं काही शिकू दिलं नव्हतं. शिकायचं माझ्या वाट्याला आलं होतं.

शुक्रवारी माझे तास नव्हते. सकाळी साहेबांना सोडून दादा परत आला तेव्हा मी सांगितलं की चाकांचं बॅलन्सिंग करून घे. गाडी हलली की आधी चाकं बघायची, हे पुस्तकातही आहे आणि टायरच्या दुकानातला माणूसही तेच सांगतो.

"हातात नाई येत थरथर," दादा म्हणाला. "स्टिअरिंग गपचिप राह्यते. बुडाखाली येते."

"दादा, मागच्या चाकाचं वजन कमी-जास्त असलं तरी खालीच येते."

"मी बारा-तेरा वर्सं त्या सीटवर बसून राह्यलो. तू मले सांगून राहिला माह्या बुडाखाली काय येते?"

तरी त्याने बॅलन्सिंग केलं, कारण मनातून त्याला वाटत होतं की मला कळत असेल. चारही चाकं उतरवली, वजनं ठोकली, अलाइनमेंटही झालं. साहेबांना आणायला आम्ही अकोल्याला निघालो. पंच्याऐंशीला काच वाजू लागली. दादाने काटा ऐंशीवर आणला आणि अकोल्यापर्यंत तिथेच ठेवला.

शनिवारी कार्यालयाला सुट्टी. सकाळी आम्ही दोघंच हायवेवर गेलो. मी पुढे बसलो, पाण्याची अर्धी भरलेली बाटली समोर ठेवली. चाक हलत असेल तर पाणी मोठ्या लाटा मारेल, कारण चाक सावकाश फिरतं. चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट चाकाच्या चौपट वेगाने फिरतो. पंच्याऐंशीला पाण्यावर लाटा आल्या नाहीत. वरचा पापुद्रा बारीक रव्यासारखा दाणेदार झाला.

"आता न्यूट्रल कर आणि ॲक्सिलरेटर सोड."

"न्यूट्रल? पंच्याऐंशीवर?"

"इंजिनमधून येते की मागून, ते कळेल."

त्याने गिअर सोडला. इंजिन शांत झालं, गाडी आपल्या वेगाने धावत राहिली आणि थरथरही तशीच राहिली. म्हणजे इंजिन नाही. चाक नाही. मधला शाफ्ट किंवा त्याचे सांधे. मला फार आनंद झाला. मी म्हणालो, "सापडलं!"

"सापडलं? मंग दे काढून."

"काढून म्हणजे... कुठल्या भागात आहे ते सापडलं."

"आपल्या गावात चोर हाय इतलं सापडलं तुले," दादा म्हणाला आणि गाडी वळवली.

महिनाभरापूर्वी मिस्त्रीने त्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले होते. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या दोन टोकांना असलेले फुलीसारखे सांधे. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा. जोडताना एक खाच जरी चुकली तरी दोन्ही टोकं एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी हलते. मी मनाशी ठरवून टाकलं की मिस्त्रीने खाच चुकवली. हे मी त्याला एकांतात सांगायला हवं होतं. मी ते त्याच्या गॅरेजात, तीन गिऱ्हाइकांसमोर, वर्गात शिकवतात तसं सांगितलं.

मिस्त्री साठीचा. तो दादाच्या गाडीला दादाच्याही आधीपासून ओळखत होता. त्याने पान्हा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "या सर. बसा आतमधी."

गाडीखाली गोणपाट टाकून त्याने मला झोपवलं आणि बाजूने बॅटरी धरली.

"शाफ्टवर बान कोरेल हाय. दिसला?"

"दिसला."

"दुसऱ्या तुकड्यावर?"

दोन्ही बाण समोरासमोर होते. एका केसाचाही फरक नव्हता.

"दिसला का नाई? का चष्मा देऊ?"

गिऱ्हाइकं हसली. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या केसांत ग्रीस होतं. मिस्त्री माझ्याशी बोलला नाही, दादाशी बोलला. "ज्याच्या घरी इंजिनिअर हाय त्यानं माह्याकडं कायले याव? घेऊन जाय गाडी."

"माफी माग," दादा मला म्हणाला.

मी मागितली नाही. मला वाटत होतं की शंका घेणं हा काही गुन्हा नाही. आजही वाटतं. पण शंका घेण्याची जागा आणि आवाज मी निवडला होता, आणि दादा जिथे बारा वर्षं मान खाली घालून उधार-उसनवारीने गाडी दुरुस्त करून घ्यायचा, तिथे मी ते केलं होतं. घरी येईपर्यंत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "तुले शिकवून मीनं काय केलं?"

रविवारी अकोल्याला वहिनीच्या चुलतबहिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. गाडी घरची, म्हणून सगळे आमच्याच गाडीत. मोजून अकरा जण. मागच्या बाकावर मी, माझ्या मांडीला मांडी लावून वहिनीचे मामा, समोर वहिनीच्या दोन बहिणी, नवरीच्या मावश्या, मध्ये सुक्या मेव्याचं ताट आणि नवरीच्या साड्यांची पिशवी.

"दाजी, एसी लावा ना," एक मावशी ओरडली.

"खिडकी उघडा. तोच एसी हाय."

"चार सायेब बसवले तं चालू राह्यते, अन् आमी बसलो तं बंद!"

"सायेब चुप बसतेत. तुमी बसान काय?"

दादा चिडलेला होता आणि चिडला की तो जोरात चालवायचा. मूर्तिजापूर मागे पडलं. मामांना झोप लागली आणि त्यांचं डोकं खिडकीच्या काचेवर टेकलं. मी त्या डोक्याकडे बघत होतो. ही तीच काच होती, जी रोज पंच्याऐंशीला वाजायची. ती वाजत नव्हती. मी बोट लावून पाहिलं.

"दादा, कितीवर आहे?"

"नव्वद. काहून? उतराचं हाय?"

"गाडी हलत नाहीये."

मावश्यांना वाटलं काहीतरी बिघडलं. पुढचे कितीतरी किलोमीटर दादाने काटा नव्वदवर ठेवला. गाडी एकदाही थरथरली नाही. मामांनी घोरायला सुरुवात केली.

रोजच्या सहा माणसांना हलणारी गाडी अकरा माणसांना हलत नाही. हे कळल्यावर मला कार्यक्रमाची जागा कधी येते असं झालं. मंगल कार्यालयाच्या आवारात सगळे उतरल्यावर मी इस्त्रीच्या शर्टानिशी गाडीखाली शिरलो. मोबाइलमध्ये उतार मोजायची सोय असते. मोबाइल एकदा गिअरबॉक्सच्या टोकाला लावला, एकदा मागच्या चाकांमधल्या ॲक्सलला, जिथे शाफ्ट जाऊन मिळतो. दोन्हींच्या उतारात चांगलाच फरक होता. मग मी बाहेर डोकं काढून सगळ्यांना म्हणालो, "जरा परत बसा ना गाडीत."

"काय फोटू काढता काय, भाऊजी?" वहिनीची बहीण म्हणाली.

"बसा तर."

पैठण्या सावरत, मला वेडा म्हणत, अकरातले नऊ जण परत चढले. नवऱ्याकडची मंडळी दारातून बघत होती. दादा लांब उभा राहून दुसरीकडे बघत होता, जणू मी त्याचा कोणी नाही. गाडी खाली बसली. मी पुन्हा मोजलं. आता दोन्ही उतार जवळपास सारखे होते.

हा धडा मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवला होता. शाफ्टच्या दोन्ही टोकांचा कोन सारखा पाहिजे, नाहीतर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा अडखळतो. फळ्यावर आकृती काढली होती, मुलांनी उतरून घेतली होती. आणि त्या आकृतीच्या डोक्यावर बसून मी रोज अकोल्याला जात होतो.

मी मागच्या पाट्यांवर बॅटरी मारली. जीपच्या मागे पोलादी पाटे एकावर एक बांधलेले असतात, त्यांच्यावर वजन पेललं जातं. त्यात एक पाटा बाकीच्यांहून जाड आणि वेगळ्या रंगाचा होता, बाहेरून टाकलेला. शिवाय पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी पाचर असते, ॲक्सलला योग्य उतार देणारी. ती कुठेच नव्हती.

कार्यक्रम सुरू असताना मी दादाला बाहेर नेलं आणि विचारलं, "हा जादा पाटा कोणी टाकला?"

"मीनं."

"आणि खालच्या पाचरी?"

"पाटा टाकला तवा पाटे आवळाचे यू-बोल्ट पुरत नोते. मंधात दोन तुकडे अडून राह्यले होते, काढून टाकले. काहून?"

मी समजावून सांगितलं. जादा पाट्याने गाडीचा मागचा भाग उचलला गेला, पाचर काढल्याने कोन बिघडला. धारणीच्या रस्त्यावर गाडी नेहमी भरलेली असायची, म्हणून दबून राहायची, आणि तिथे पन्नासच्या वर जाताच येत नव्हतं. आता ती रिकामी आणि वेगात पळते, म्हणून हलते. जुन्या क्रॉसमध्ये ढिलेपणा होता तोवर थोडी हलायची, नवे घट्ट बसल्यावर सगळी थरथर वर येऊ लागली. मी शक्य तितक्या हळू बोललो. तरी शेवटी त्याचा अर्थ एकच निघत होता.

"म्हंजे चूक माही," दादा म्हणाला.

"चूक कोणाची ते मी म्हणत नाही."

"मी म्हनतो. कवा टाकला तो पाटा, मालूम हाय? तुही ॲडमिशन झाली त्या साली. नऊ सवाऱ्यांच्या जागी पंधरा बसवाच्या होत्या. मिस्तरी नाई म्हनत होता, मीनं टाकाले लावला. आता सांग. चूक कोनाची?"

आतून सनईची टेप वाजत होती. दादाचे उपकार मी कधी नाकारले नाहीत, नाकारणारही नाही. माझ्या नावापुढची पदवी त्याच्या कमरेतून आली आहे, हे मी कोणालाही सांगतो. पण उपकार असे दर वेळी फेकून मारले की माणूस कृतज्ञ राहूनही चिडतो. मी म्हणालो, "चूक पाट्याची. काढून टाकू."

"पाटा निघनार नाई."

"दादा, पाटा काढला की कोन आपोआप..."

"नाई म्हनलं ना! उद्या या सायबाईनं हाकललं तं कोनत्या पाट्यावर जाऊ मी धारनीले? तुह्या डिग्रीवर?"

तो अगदी नवऱ्याकडच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या जोरात बोलला. वहिनी बाहेर आली. काय झालं ते तिने ऐकलंच होतं. ती दोघांच्या मध्ये उभी राहून फक्त एवढंच म्हणाली, "त्यातला एक तुकडा आपल्या कूलरखाली हाय."

खरंच होता. आमच्या कूलरचा स्टँड एका बाजूला कलायचा म्हणून वहिनीने अंगणात पडलेला तो लोखंडी तुकडा त्याच्या पायाखाली सारला होता. चार उन्हाळे मी त्या कूलरसमोर झोपलो होतो. दुसरा तुकडा कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी पाचला आम्ही मिस्त्रीच्या दारात होतो. रविवार, गॅरेज बंद. मिस्त्री बनियनवर बाहेर आला, मला बघून त्याने दार लोटलं. दादा गाडीतच बसून राहिला. त्याने मला मदत केली नाही.

मी दाराशी उभा राहून म्हणालो, "शाफ्ट तुम्ही बरोबर जोडला होता. मी चुकीचं बोललो, आणि लोकांसमोर बोललो."

आतून आवाज आला, "हातात काय हाय?"

"पाचर. एकच आहे."

दार उघडलं. मिस्त्रीने पाचर हातात घेऊन उलटसुलट केली, दादाकडे बघितलं आणि म्हणाला, "तवाच म्हनलं होतं याले. ह्या काढू नको म्हनून. ऐकते का तुहा भाऊ कोनाचं?"

"अन् तुमी ऐकता?" दादा गाडीतून म्हणाला.

लांब यू-बोल्ट मिस्त्रीकडे होते. दुसरी पाचर मिळायला उद्या लेथवाला उघडेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि उद्या म्हणजे सोमवार. मिस्त्रीच्या भंगारात जाड पट्टीचा तुकडा होता. ग्राइंडरवर त्याने तो अंदाजे उतरता करून दिला आणि कानस माझ्यापुढे टाकली. "हे तरी शिकवते का कालेजात?"

हे शिकवतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी महिनाभर आम्ही लोखंडाचा एकच चौकोन घासला होता आणि मास्तर तो रोज परत करायचे. मी कूलरखालची पाचर लोखंड पकडणाऱ्या व्हाइसशेजारी ठेवली आणि तिच्यासारखी होईपर्यंत दुसरी घासत बसलो. मध्ये मध्ये मोबाइल ठेवून उतार बघायचो. अर्ध्या अंशाने जास्त, पुन्हा कानस. दादा उतरला, एकदा शेजारी येऊन उभा राहिला, माझ्या तळहातावर आलेला फोड बघितला आणि म्हणाला, "हळू घास. गरम होऊन राह्यली." मग परत जाऊन बसला.

दिवेलागणीला दोन्ही पाचरी बसल्या. जादा पाटा होता तिथेच राहिला.

सोमवारी मॅडम पुढे बसल्या तेव्हा त्यांनी पर्स नेहमीसारखी मांडीवर धरली. बडनेरा सुटलं. ऐंशी. पंच्याऐंशी. मी मागे काचेवर बोट ठेवून बसलो होतो. नव्वदला दादाचा डावा हात स्टिअरिंगवरून खाली आला आणि सीटच्या कडेवर टेकला. तोही तेच बघत होता. काही आलं नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे मॅडमनी पर्स पायाशी ठेवली.

"आज हलत नाहीये," त्या म्हणाल्या. "काय केलंत?"

"मिस्तरीनं काढली खोड, मॅडम," दादा म्हणाला. "जुना मानूस हाय. पुस्तकवाल्याईचं काम नाई ते."

"बरं झालं. मग चालू द्या तुमचीच गाडी."

साहेबांपैकी एकाने मागे वळून माझ्याकडे हसून बघितलं. दादाने आरशात बघितलं, मी बाहेर बघितलं. मला त्याचा इतका राग आला होता की तळहातावरचा फोड मी नखाने फोडला.

साहेबांना सोडून तो मला तंत्रनिकेतनाच्या फाटकापाशी घेऊन आला. मी उतरलो. तो म्हणाला, "पाचले उभा राह्यजो. उशीर केला तं सोडून जाईन."

"मी एसटीने येतो."

"ये मंग," तो म्हणाला आणि गाडी पुढे काढली.

त्या दिवशी माझे तीन तास होते. शेवटच्या तासाला मी फळ्यावर शाफ्टची आकृती पुन्हा काढली आणि या वेळी तिच्याखाली पाटे आणि पाचरीही काढल्या. पाचला पाच मिनिटं कमी असताना मी फाटकापाशी उभा होतो. गाडी आधीच येऊन थांबली होती.